दिनविशेष : १ नोव्हेंबर
विविध भारतीची व्यापारी सेवा सुरू (१९६७)

मुंबई, पुणे व नागपूर येथून १९६७ मध्ये आजच्या दिवशी विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या. १९५२ नंतर आकाशवाणीने चित्रपटगीतांबाबत हात आखडता घेतला, तेव्हा श्रोते रेडिओ सिलोनच्या ‘बिनाका गीतमाले’कडे वळले. त्यांना परत आणण्यासाठी ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती आली; दहा वर्षांनी तिला जाहिरातींच्या उत्पन्नाची जोड मिळाली. पुढे खासगी वाहिन्याही आल्या: देशातील पहिली खासगी एफएम वाहिनी, ‘रेडिओ सिटी’, ३ जुलै २००१ रोजी बेंगळुरूत सुरू झाली.

केंद्रीय मंत्रिमंडळाने २८ ऑगस्ट २०२४ रोजी २३४ नव्या शहरांत ७३० खासगी एफएम वाहिन्यांच्या लिलावाला मंजुरी दिली. या यादीत लातूर आणि उदगीर आहेत. खासगी वाहिन्यांना स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. मात्र हवामानाची आणि प्रशासनाने दिलेली नैसर्गिक आपत्तीची माहिती प्रसारित करता येते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा भूकंप सोसलेल्या लातूर जिल्ह्यातील किल्लारी परिसरासाठी ही तरतूद मोलाची आहे. लातूरची वाहिनी सुरू होईल, तेव्हा तिचे प्रक्षेपण किल्लारीपर्यंत पोहोचलेच पाहिजे.