तोतया ई-मेलच्या खुणा

खरा ई-मेल कोणता आणि तोतया कोणता हे ओळखण्याचा भार वाचणाऱ्यावर पडला, याचे मूळ जोनाथन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध केलेल्या एसएमटीपी या नियमावलीत सापडते. एका संगणकाने दुसऱ्याकडे टपाल कसे सोपवावे हे तीत ठरवून दिले होते. मात्र पाठवणाऱ्याने स्वतःचे म्हणून लिहिलेले नाव खरे की खोटे, हे तपासण्याची सोय तीत नव्हती. त्या काळचे जाळे मुख्यतः विद्यापीठे, संशोधनसंस्था आणि लष्करी कार्यालये यांच्यापुरते असल्याने ही उणीव फारशी जाचली नाही, आणि पुढे तीच व्यवस्था कोट्यवधी अनोळखी माणसांच्या हाती गेली.

विश्वासातल्या संस्थेचे सोंग घेऊन गुप्त माहिती माणसाकडूनच काढून घेणे म्हणजे फिशिंग. हा प्रकार १९९० च्या दशकाच्या मध्यास अमेरिका ऑनलाइन या कंपनीच्या ग्राहकांवर मोठ्या प्रमाणावर चालला. तोपर्यंत भामटे बनावट कार्डक्रमांक देऊन तेथे खोटी खाती उघडत. १९९५ मध्ये कंपनीने ती वाट बंद केली, तेव्हा त्यांनी इतरांची खरी खाती बळकावण्याकडे मोर्चा वळवला. कंपनीचा कर्मचारी असल्याचे भासवून ते बिलाच्या नोंदीत घोळ झाल्याचे कळवत आणि खातरजमेसाठी परवलीचा शब्द मागत. आमचा कोणताही कर्मचारी परवलीचा शब्द विचारत नाही, अशी सूचना अखेर कंपनीला संदेशांच्या खिडकीतच द्यावी लागली.

त्यानंतरच्या काळात लोकांना काही खुणा शिकवल्या गेल्या, आणि त्यांतील बहुतेक खुणा निकामी झाल्या. अशुद्ध भाषा ही त्यांतील सर्वांत जुनी; परंतु भामट्यांनी खऱ्या बँकेचा मजकूर बोधचिन्हासह जसाच्या तसा उचलायला आरंभ केल्यावर तिचा भरवसा उरला नाही. संकेतस्थळाच्या पत्त्याशेजारी दिसणारे कुलूप एवढेच सांगत असे की मधल्या वाटेत माहिती कोणी वाचू शकत नाही. पलीकडे बसलेला माणूस प्रामाणिक आहे, असे ते कधीच सांगत नव्हते, तरी लोकांची तशी समजूत करून देण्यात आली. त्यामागची प्रमाणपत्रे फुकट मिळू लागल्यावर फसव्या स्थळांवरही ते दिसू लागले, आणि २०२३ मध्ये गूगलने क्रोममधून ते चिन्ह काढून टाकले. घाई ही खूण मात्र टिकली, कारण चोवीस तासांत खाते बंद होईल ही धमकी नसती, तर ग्राहकाने आधी शाखेत फोन केला असता.

याहून पक्की खूण पत्त्यातच असते. ई-मेलमध्ये ॲट या चिन्हानंतरचा आणि संकेतस्थळात पहिल्या एकेरी तिरप्या रेघेआधीचा भाग उजवीकडून डावीकडे वाचावा लागतो. ‘बँकेचेनाव डॉट खातेतपासणी डॉट कॉम’ या पत्त्याचा मालक बँक नव्हे, तर ‘खातेतपासणी डॉट कॉम’ हे नाव ज्याने नोंदवले तो आहे; त्याच्या डावीकडे कोणतेही प्रतिष्ठित नाव जोडण्यास त्याला कोणाची परवानगी लागत नाही.

पाठवणाऱ्याची तपासणी यंत्रांकडे जाण्यास फार उशीर झाला. कोणत्या संगणकांना आपल्या नावाने टपाल पाठवण्याची मुभा आहे हे संस्थेने जाहीर करावे, ही एसपीएफ पद्धत २००६ मध्ये, मजकुरावर गणिती स्वाक्षरी करणारी डीकेआयएम २००७ मध्ये, आणि या तपासण्यांत न उतरलेल्या पत्राचे काय करावे हे सांगणारी डीमार्क २०१२ मध्ये पुढे आली. कायद्यालाही असाच उशीर झाला: भारतात २००५ साली नॅसकॉम या सॉफ्टवेअर कंपन्यांच्या संघटनेच्या नावाने पाठवलेल्या ई-मेलचा खटला दिल्ली उच्च न्यायालयात आला, तेव्हा फिशिंगसाठी स्वतंत्र कायदाच नव्हता. संगणकाद्वारे तोतयेगिरी करून फसवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा सांगणारे कलम ६६ ड माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ च्या दुरुस्तीने आले. बँकांनी ‘बँक डॉट इन’ हाच पत्ताशेवट वापरावा, असा आदेश रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये दिला, ही त्या मानाने अगदी अलीकडची गोष्ट. तोवर बहुसंख्य लोक टपाल मोबाइलवर वाचू लागले होते, आणि तेथे अनेकदा पाठवणाऱ्याने स्वतः लिहिलेले नाव तेवढे ठळक दिसते, तर पत्ता पाहायचा असल्यास त्या नावावर मुद्दाम बोट ठेवावे लागते.