पस्तापूरच्या चित्रवार्ताहर

सोलापूरहून हैदराबादेकडे निघालेल्या प्रवाशाला वाटेत जहीराबाद लागते. त्याला लागूनच पस्तापूर हे खेडे आहे. जोंधळ्या-तुरीचा हा मुलूख निजामाच्या राज्यात बीदर जिल्ह्यात मोडे. २०१६ पासून तो संगारेड्डी जिल्ह्यात आहे. येथल्या कोरडवाहू शेतकरी स्त्रिया, बहुतेक दलित आणि बहुतेक निरक्षर, विसाव्या शतकाच्या अखेरीस व्हिडिओ कॅमेरा चालवावयास शिकल्या. ही हकीकत चमत्कारासारखी वाटते; पण ती एकाएकी घडलेली नाही.

१९७५-७६ साली आंध्र प्रदेशासह सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत उपग्रहाद्वारे दूरचित्रवाणीचे कार्यक्रम पोचविण्यात आले. प्रयोग मोठा होता, हेतूही चांगला होता. परंतु बोलणारे शहरात आणि ऐकणारे खेड्यात, ही वाटणी कायमच राहिली. खेड्याने उलट काही सांगावे, अशी सोय त्यात नव्हती.

तशी सोय अहमदाबादेत झाली. इलाबेन भट्ट यांनी १९७२ साली स्थापिलेल्या 'सेवा' या कष्टकरी स्त्रियांच्या संघटनेत १९८४ साली मार्था स्टुअर्ट या अमेरिकन बाईंनी तीन आठवड्यांचा एक वर्ग घेतला. वीस जणी शिकल्या. त्यांत भाजी विकणाऱ्याही होत्या. ज्यांना अक्षरओळख नव्हती, त्यांनी यंत्रावरील खुणा पाठ केल्या. कॅमेरा हाती धरण्यास आधी साक्षर झालेच पाहिजे, हा समज तेथे मोडला.

पस्तापूरला डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी १९८३ पासून काम करीत होती. तिचे संचालक पी. व्ही. सतीश हे पूर्वी दूरदर्शनवर निर्माते होते. गावोगावच्या स्त्रियांचे 'संघम' या संस्थेने उभे केले होते. त्यांतल्याच काही जणींना चित्रीकरण शिकविण्यात आले आणि २००१ साली त्यांचा स्वतंत्र माध्यम-न्यास स्थापन झाला.

त्यांच्या शिक्षणातली एक गोष्ट मुद्दाम सांगण्याजोगी आहे. कॅमेऱ्याच्या कोनांची पुस्तकी नावे त्यांना परकी होती, म्हणून त्यांनी आपली नावे दिली. वरून खाली पाहणारे दृश्य म्हणजे 'पटेल शॉट', कारण जमीनदार मजुराकडे तसा पाहतो. खालून वर पाहणारे ते गुलामाचे. आणि डोळ्याला डोळा भिडविणारा तो 'संघम शॉट', कारण संघमच्या बैठकीत सगळ्या एकाच पातळीवर बसतात. आपल्या माणसांचे चित्र घ्यावयाचे ते याच तिसऱ्या कोनातून. वर्षानुवर्षे वर मान करून बोललेल्या बायांना हा धडा कोणी समजावून द्यावा लागला नसेल!

कसोटी लागली ती वरंगळच्या कापसात. २००२ साली सरकारने बीटी कापसाच्या लागवडीस परवानगी दिली. जालन्याची महिको आणि अमेरिकेची मोन्सॅन्टो यांचे ते बियाणे. खर्च कमी होईल, उत्पन्न वाढेल, असे शेतकऱ्यांस सांगितले गेले. पस्तापूरच्या स्त्रिया कॅमेरा घेऊन शेतांवर गेल्या, आणि पुनःपुन्हा गेल्या. बातमीदार एकदा येतो, चार प्रश्न विचारून जातो. यांनी सबंध हंगाम पाहिला. जे बोलत होते त्यांच्याप्रमाणेच ऐकणाऱ्याही शेतकरीच होत्या. बियाणे काय भावाने घेतले, फवारणी किती झाली, बोंड केवढे धरले, हे विचारावयास त्यांना कोणी शिकवावे लागले नाही. वरंगळचे शेतकरी बीटी कापसावर का चिडले आहेत, असा सवालच मथळ्यात घेऊन २००३ साली त्यांची चित्रफीत निघाली. २००५ साली निघालेल्या दुसरीने तीन वर्षांच्या या व्यवहारास सरळ फसवणूक म्हटले.

या बाया तटस्थ नव्हत्या, हेही सांगितले पाहिजे. देशी बियाणे राखणे हे त्यांच्या संस्थेचे ब्रीद. बीटीला तिचा विरोध आधीपासून होता. देशात पुढे बीटी कापूसच सर्वत्र पसरला. तेव्हा त्यांचा निष्कर्ष कोणी मान्य करो वा न करो; पडद्यावर शेतकऱ्याने स्वतःच्या तोंडाने मांडलेला जमाखर्च मात्र त्यामुळे खोटा ठरत नाही. त्याच २००५ सालच्या मे महिन्यात केंद्राच्या मंजुरी समितीने महिकोच्या तीन बीटी वाणांना आंध्र प्रदेशात मनाई केली. त्याचे श्रेय एकट्या चित्रफितीला देता येणार नाही. शेतकऱ्यांची ओरड मोठी होती, राज्य सरकारही कंपनीकडे भरपाई मागत होते. परंतु त्या ओरडीतले काही आवाज जसेच्या तसे टिकले, ते पस्तापूरच्या फितींवर.