दिनविशेष : ९ मार्च १९४३, मुरगाव बंदर
गोवा तेव्हा पोर्तुगीजांचा, म्हणून तटस्थ. महायुद्ध पेटल्यावर तीन जर्मन आणि एक इटालियन मालवाहू जहाज मुरगावच्या आश्रयाला आले. त्यांतल्या ‘एरनफेल्स’वरून पाणबुड्यांना बिनतारी संदेश जातात, असा ब्रिटिशांचा संशय होता. या रात्री कलकत्ता लाइट हॉर्सचे पोक्त, हौशी शिपाई कोचीनहून ‘फीबी’ या साध्या बार्जवर बसून आले आणि थेट ‘एरनफेल्स’वर चढले. खलाशांनी स्वतःच चारही जहाजे बुडवली. ही धाडसी मोहीम पुढे तीन दशकांहून अधिक काळ गुपितच राहिली.

युद्धानंतर मुरगाव लोहखनिजाचे मोठे बंदर झाले. आता तिथे कोळसाही उतरतो; बंगळूरुहून बंदराशेजारच्या वास्कोला जाणाऱ्या पर्यटकांना लोंढ्यापुढच्या घाटात कोळशाच्या वाघिणी भेटतात. त्यांतला बराच कोळसा बल्लारीकडच्या पोलादासाठी असतो. बंदरात तो उतरवताना उडणारी काळी धूळ वास्कोकरांच्या घरांत शिरते. त्यांची तक्रार रास्त आहे आणि ती अजून मिटलेली नाही.