बहिणाचं वासरू

ही बहिणा म्हणजे 'अरे संसार संसार'वाल्या खानदेशातल्या बहिणाबाई चौधरी नव्हेत. ही तुकोबांची शिष्या, जन्म १६२८चा, वेरूळजवळच्या देवगावचा. तिनं अभंगांतून स्वतःचं आयुष्य सांगितलंय. त्या काळात बाई स्वतःबद्दल सांगते, हेच केवढं अप्रूप!

मी ते आत्मनिवेदन एरवीच्या संतचरित्रासारखं वाचायला घेतलं आणि वयांपाशीच अडखळले. लग्न तिसऱ्या वर्षी. नवरा तीस वर्षांचा, बिजवर, भिक्षुकी करणारा. पुढे घरच्या अडचणींमुळे आईवडील, जावई सगळेच गाव सोडून निघाले. पंढरपूर, शिंगणापूर, रहिमतपूर करत कोल्हापूरला पोचले. तेव्हा बहिणा अकरा वर्षांची. म्हणजे आपल्याकडे पाचवी-सहावीतली मुलगी!

तिथे नवऱ्याला दानात कपिला गाय मिळाली. तिला वासरू झालं आणि ते बहिणाच्या मागे मागे फिरू लागलं. पाणी भरायला ती निघाली की ते मागे, जयरामस्वामींच्या कीर्तनाला गेली तरी मागे. लग्न थोडक्यात सांगणारी बहिणा या वासराबद्दल किती भरभरून बोलते! एकदा गर्दीमुळे लोकांनी त्याला बाहेर काढलं, तर ते बाहेर हंबरतंय आणि ही आत रडतेय. स्वामींनी त्याला आत आणवलं, दोघांच्या डोक्यावर हात ठेवला. झालं, गावभर चर्चा. नवऱ्यानं तिला बांधून मारलं. गाय-वासरानं खाणंपिणं सोडलं. पुढे वासरू गेलं. बहिणा बेशुद्ध पडली आणि त्यातच तिला तुकोबा दिसले.

भाविक इथे साक्षात्कार बघतात. मला मात्र आधी ती पोर दिसते. आपलं म्हणावं असं तिच्याकडे एकच होतं आणि तेही गेलं.

आता कुणी म्हणेल, बंडखोर होती. छे, इतकं सरळ नाही ते. ब्राह्मणाच्या बायकोनं शूद्राला गुरू मानलं, हे नवऱ्याला सहन होईना. ती गरोदर असतानाच तो घर सोडून निघाला होता. पण आजारी पडला, तेव्हा हिनंच त्याची शुश्रूषा केली. मग तोच तिला घेऊन देहूला गेला. पतिव्रताधर्मावरही तिचे अभंग आहेत, आणि ते वाचताना मला त्रास होतो. पण तेही तिचेच आहेत.

देहूत मुलगी झाली, काशी.