निकामी केलेल्या ब्रिटिश लष्करी रायफलींचा संग्रह

ब्रिटिश लष्करी सेवेतून निघालेल्या आणि पुन्हा गोळी झाडता येणार नाही अशा रीतीने निकामी केलेल्या बोल्ट-अ‍ॅक्शन रायफली जमवण्याचा छंद व अभ्यास. हा छंद मुख्यतः ब्रिटनमधला. १९८७ च्या हंगरफर्ड हत्याकांडानंतर झालेल्या १९८८ च्या बंदूक (दुरुस्ती) कायद्याने त्याला चौकट मिळाली. लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसने (बंदुका तपासणाऱ्या अधिकृत संस्थेने) तपासून शिक्का मारला आणि दाखला दिला, की ते शस्त्र परवान्याच्या कक्षेतून बाहेर पडते. संग्रहात सर्वाधिक आढळते ती ली-एनफील्ड, म्हणजे भारतात पोलिसांच्या खांद्यावर दशकानुदशके दिसलेली थ्री नॉट थ्री. जेम्स पॅरिस ली यांचा बोल्ट, दहा काडतुसांचे मॅगझिन आणि एनफील्डच्या सरकारी कारखान्यात ठरलेले नळीचे पाच आटे यांतून ती घडली. १९०७ ची मार्क तीन, दुसऱ्या महायुद्धातली नंबर चार आणि आखूड नळीची ‘जंगल कार्बाइन’ हे तिचे परिचित प्रकार.

अशी रायफल घेताना बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो तो बोल्ट हलतो का, हा. जुन्या नियमांनुसार नळीला खालून चीर पाडत आणि बोल्टचे तोंड तिरपे घासत, पण बोल्ट मागेपुढे होत राही. आज लागू असलेल्या कडक नियमांत हालचाल वेल्डिंगने बंद होते. त्यामुळे जुन्या पद्धतीची रायफल अधिक मोलाची मानली जाते. प्रस्तुत नोंदीचे म्हणणे असे, की हालचालीला एवढे महत्त्व देणे चूक आहे. रायफल हा आधी दस्तऐवज आहे आणि तो शिक्क्यांत व झिजेत लिहिलेला आहे. मार्क तीनवर दस्ता जिथे धातूला जुळतो त्या पट्टीवर, उजव्या बाजूला, राजमुकुट, राजाची आद्याक्षरे, कारखान्याचे नाव, साल आणि प्रकार असे ओळीने कोरलेले असते. साल १९१६ आणि प्रकारापुढे तारा असेल, तर युद्धाच्या घाईत मॅगझिन-कटऑफसारखे (मॅगझिनमधली काडतुसे रोखून धरणाऱ्या पट्टीसारखे) भाग वगळून रायफली काढल्या जात होत्या, हे त्या एका ताऱ्यावरून कळते. पट्टीवर इशापूरचे नाव आणि पुढच्या लाकडातून आडवा घातलेला जादा स्क्रू दिसला, तर ती बंगालमधल्या कारखान्याची रायफल भारतात मजबूत करून वापरली गेली असे समजावे. टोकाला टोक भिडलेले दोन बाण सरकारी सेवेतून विक्री झाल्याचे सांगतात. ‘डीपी’ ही अक्षरे असली, तर ती रायफल निकामी होण्याआधीच केवळ कवायतीपुरती उरलेली होती. म्हणूनच जुने लाकूड घासून नवे पॉलिश चढवणे हे वेल्डिंगपेक्षा मोठे नुकसान आहे. वेल्डिंगने यंत्र थांबते, घासण्याने मजकूर पुसला जातो.

यावर आक्षेप असा, की यंत्र हाही मजकूरच नव्हे का? तो अंशतः रास्त आहे. नंबर चारच्या बोल्टहेडवर ० ते ३ पैकी एक आकडा असतो. भाग झिजून बोल्ट आणि काडतूस यांमधली जागा वाढली, की मोठ्या आकड्याचे बोल्टहेड बसवीत. ही नोंद बोल्ट उघडल्याशिवाय नीट तपासता येत नाही. चालू स्थितीतली रायफल परवान्यावर ठेवणे हा त्यावरचा उपाय सांगितला जातो. परंतु चालू रायफल वापरली जाते, तिच्या नळ्या आणि बोल्ट बदलले जातात आणि भागांवरचे जुळणारे अनुक्रमांक बेमेळ होतात. निकामी रायफलीत असे बदल करण्याचे कारण उरत नाही, म्हणून मूळ जोडणी टिकण्याची शक्यता तिच्यात जास्त.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा, आणि तो पहिल्यापेक्षा गंभीर आहे. जानेवारी २०१५ च्या पॅरिस हल्ल्यांत स्लोव्हाकियात विकलेली, अपुरी निकामी केलेली व पुन्हा चालू केलेली शस्त्रे सापडली. युरोपीय संघाचे एप्रिल २०१६ पासूनचे समान नियम या पार्श्वभूमीवर आले. धोका होता तो स्वयंचलित शस्त्रांचा. हाताने बोल्ट ओढायची शंभर वर्षांपूर्वीची रायफल त्याच मापाने मोजणे प्रमाणाबाहेरचे आहे. तरी दाखल्याची आणि तपासणीची अट काढून टाकावी, असे यातून निघत नाही. अडचण वेगळीच आहे. २०१७ च्या ब्रिटिश कायद्यानुसार जुन्या पद्धतीने निकामी केलेली रायफल जवळ ठेवता येते, पण सध्याच्या मानकाला आणल्याशिवाय सहसा विकता किंवा भेट देता येत नाही. म्हणजे हात बदलताना ती वेल्ड होते. अशा वेळी वेल्डिंगआधी बोल्टहेडचा आकडा, लाकडाखालचे शिक्के आणि सर्व क्रमांक छायाचित्रांसह नोंदवून तो कागद दाखल्याबरोबर पुढच्या मालकाला दिला पाहिजे.