कोयनेचे तडे पायथ्याशी का गेले नाहीत?

१/ ११ डिसेंबर १९६७ची पहाट. चार वाजून एकवीस मिनिटांनी कोयनानगर हादरले. दीडशेहून अधिक माणसे दगावली. त्यापाठोपाठचा प्रश्न तितकाच भयंकर होता: धरणाचे काय?

२/ धरण उभे होते. १०३ मीटर उंचीचे हे रबल काँक्रीटचे धरण स्वतःच्या वजनावर पाणी तोलून धरते. परंतु सांडव्याच्या दोन्ही बाजूंच्या उंच भागांत आडवे तडे गेले होते. ते पायथ्याशी नव्हते. बरेच वर, जेथे मागील बाजूचा उतार एकाएकी बदलतो, तेथे होते.

३/ कारण काँक्रीटच्या स्वभावात आहे. १९२८ साली इलिनॉय विद्यापीठात रिचर्ट, ब्रँट्झेग आणि ब्राउन यांनी दाखवून दिले, की काँक्रीटला बाजूंनीही दाबले तर त्या दाबाच्या सुमारे चौपट ताकद वाढते. फुटण्याआधी ते पुष्कळ अधिक आक्रसूही शकते. उलट, ओढले असता ते दाब सोसण्याच्या क्षमतेच्या जेमतेम एक दशांशावर तडकते. एका दिशेने दाब व दुसरीकडून ताण असेल, तर दाब सोसण्याची ताकदही घटते.

४/ पायथ्याशी साऱ्या धरणाचे वजन काँक्रीटला दाबून ठेवते. वर हा दाब अल्प. भूकंपात जड माथा झुलला, उताराच्या वळणाशी ताण एकवटला आणि काँक्रीट तेथेच तडकले.

५/ दख्खनचे पठार तेव्हा भूकंपाच्या दृष्टीने स्थिर मानले जाई. म्हणून आराखड्यात भूकंपाचे आडवे बल वजनाच्या केवळ ५ टक्के धरले होते. धरणातील यंत्राने प्रवाहाच्या दिशेने नोंदवलेले त्वरण गुरुत्वत्वरणाच्या सुमारे ४९ टक्के होते. हे दोन आकडे थेट ताडून पाहता येत नाहीत; तरी अंदाज किती तोकडा होता, ते कळते.

६/ पुढे भेगांत इपॉक्सी भरले, पोलादी केबलांनी धरण आवळले आणि मागून काँक्रीटचे बट्रेस दिले. केबल आवळणे म्हणजे जेथे ताण येणार, तेथे आधीच दाब देऊन ठेवणे.

७/ नोव्हेंबर २०१८पासून डहाणू-तलासरी परिसराला धक्के बसत आहेत. जिल्ह्याचे मुख्यालय असलेल्या कोळगावापासून तो भाग दूर नाही. त्यामुळे पालघरकरांसाठी कोयनेचा इतिहास परका नाही. कोणतेही बांधकाम पाहताना काँक्रीट किती मजबूत, एवढेच विचारू नये. जमीन हलली तर ताण नेमका कोठे येईल, हेही विचारावे.