ब्लॉब-वाचनातील दोष व दुरुस्ती

चित्र, पीडीएफ, ध्वनिमुद्रण असा बायनरी ऐवज डेटाबेसच्या एकाच रकान्यात अखंड ठेवला, की त्याला ब्लॉब म्हणतात. मझौली तहसिलीतला (जि. जबलपूर) खसरा असो की महाराष्ट्रातला जुना हस्तलिखित सातबारा, स्कॅन केलेले पान असे ठेवले तर ते जसेच्या तसे परत मिळाले पाहिजे, कारण ती कुणाच्या तरी जमिनीची नोंद असते.

दोष शोधताना आधी लांबी तपासावी : रकान्यात किती बाइट आहेत आणि हाती किती आले. मायएसक्यूएलमधील साध्या ब्लॉब रकान्यात जास्तीत जास्त ६५,५३५ बाइट मावतात. स्ट्रिक्ट मोड बंद असेल तर त्याहून मोठी फाइल नुसता इशारा देऊन कापली जाते. अशा जेपेग चित्रात पानाचा वरचा भाग स्वच्छ आणि खाली करडा पट्टा दिसतो. अनेक नोंदींची लांबी नेमकी ६५,५३५ आढळली, तर वाचणाऱ्या प्रोग्रॅममध्ये चूक शोधणे व्यर्थ आहे. उरलेला भाग डेटाबेसात गेलेलाच नाही. रकाना मीडियमब्लॉब (सुमारे १६ एमबी) किंवा लाँगब्लॉब (सुमारे ४ जीबी) करून मूळ फाइल पुन्हा चढवावी लागते. स्कॅनिंग संपताच मूळ फाइली पुसणे म्हणूनच घातक.

रकान्यात लांबी पूर्ण, पण हाती कमी, असे असेल तर अडथळा वाटेत असतो. पीएचपीच्या ओडीबीसी जोडणीत लांब रकान्यासाठी ४,०९६ बाइटांची पूर्वनिश्चित मर्यादा असते, ती वाढवावी.

लांबी वाढलेली असेल तर पहिले बाइट पाहावेत. पीएनजी फाइल १३७, ८०, ७८, ७१ अशी सुरू होते. १३७ च्या जागी २३९, १९१, १८९ दिसले, तर कुणीतरी बायनरी ऐवज यूटीएफ-८ मजकूर समजून वाचला आहे. मूळ बाइट त्यातच नष्ट होतात, तेव्हा उलटे रूपांतर करत बसू नये. रकाना थेट बाइट म्हणून पुन्हा वाचावा. लांबी वाढण्याचे आणखी एक कारण असे : पोस्टग्रेएसक्यूएल ९.० (२०१०) पासून बाइटए या बायनरी रकान्याचे उत्तर हेक्स रूपात येऊ लागले. जुन्या क्लायंटला ते उमगत नाही. क्लायंट अद्ययावत करणे उत्तम. तोवर ‘बाइटए आउटपुट’ची सेटिंग ‘एस्केप’ ठेवता येते.